एवेलिओचं मत

क्युबातल्या मातान्सास शहरात 'सात बुरूज' हा पत्त्यांचा खेळ आला तो एका खलाशाच्या पिशवीतून, आणि तोही अर्धामुर्धा. साठ पत्त्यांच्या जुडीत एकेचाळीसच पत्ते उरले होते. बाकीचे कुठल्या बंदरात पडले ते त्या खलाशालाही सांगता आलं नसतं. त्यानं जुडी भाचीला दिली, भाचीनं ती वर्गात नेली, आणि गणिताच्या नेरेइदाबाईंनी ती जप्त केली. बाईंनी आठ दिवस घरी बसून नियमांचं चोपडं वाचून काढलं आणि नवव्या दिवशी त्या एवेलिओ बारोसोच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तू छापखान्यात लेबलं रंगवतोस ना? मला एकोणीस पत्ते काढून दे."

"कसले पत्ते, बाई?"

"ते मी सांगते. तू आधी कॉफी ठेव."

एवेलिओ तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. पेरूच्या वडीच्या डब्यांवरची, रमच्या बाटल्यांवरची लेबलं दुरुस्त करणं हे त्याचं काम. छपाईचा साचा झिजला की फुलाची पाकळी, बाईच्या कानातला डूल, जहाजाचं शीड त्यानं पुन्हा हातानं उमटवायचं. एकोणीस पत्ते त्यानं तीन आठवड्यांत काढले. औषधांच्या खोक्यांचा पुठ्ठा, शाई, रंगीत पेन्सिली, आणि पाठीवर सगळीकडे एकसारखी निळी शाई. त्याची मुलगी लिउबा तेव्हा तेरा वर्षांची होती. ती टेबलाशी बसून पेन्सिलींना टोकं काढून द्यायची आणि प्रत्येक पत्त्यावरची गोष्ट मोठ्यानं वाचायची.

हा खेळ म्हणजे आपल्या घरातल्या बावन्न पत्त्यांसारखा नव्हे. यात पत्ते हजारो असतात, त्यांतले साठ निवडून ज्यानं त्यानं आपली जुडी बांधायची. कंपनी ते बंद पाकिटांतून विकते, कुठल्या पाकिटात काय निघेल याचा नेम नाही, आणि चांगले पत्ते दुर्मीळ. ज्याच्याकडे चांगले पत्ते, त्याची जुडी भारी. क्युबात ती पाकिटं कुठेच मिळत नव्हती. त्यामुळे एवेलिओनं काढले तेच पत्ते आणि तोच बाजार. बाईंनी वाचनालयाच्या मागच्या खोलीत मंडळ सुरू केलं, दर रविवारी दहा वाजता. ज्याला जो पत्ता हवा तो एवेलिओ काढून द्यायचा. सगळ्यांना सगळं मिळायचं, म्हणून जिंकायचा तो डोक्यानंच जिंकायचा. या पत्त्यांना मंडळात 'बदली पत्ते' म्हणत. एकदा एका नव्या माणसानं त्यांना नकली म्हटलं, तर बाईंनी त्याला तिथल्या तिथे उभं केलं.

"नकली म्हणजे जे फसवतं ते. हा पत्ता कुणाला फसवतोय? कोपऱ्यात बघ, एवेलिओची सही आहे."

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मधल्या काळात एवेलिओची बायको मिर्ता मूत्रपिंडाच्या दुखण्यानं गेली. घरात बाप-लेक दोघंच राहिले. लिउबा पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत लागली. दिवसभर नळाचं पाणी बाटल्यांत भरून तपासायची आणि रविवारी मंडळात येऊन सगळ्यांना हरवायची. ती खेळताना बोलायची नाही, घाई करायची नाही. समोरच्याला वाटायचं आपण जिंकत आलो, आणि तेवढ्यात ती हळूच एक साधासा पत्ता खाली ठेवायची आणि म्हणायची, "झालं बहुतेक."

तिच्याशी टक्कर देऊ शकेल असा एकच होता, फ्रीज दुरुस्त करणारा ओस्निएल. त्याचा भाऊ अमेरिकेत तांपाला असायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर खऱ्या पत्त्यांची पाकिटं पाठवायचा. ओस्निएल आपल्या गुळगुळीत, चकाकणाऱ्या पत्त्यांनिशी बसायचा आणि औषधाच्या खोक्यांपुढे हरायचा.

"काका," तो एवेलिओला म्हणायचा, "माझा नाग परदेशातून विमानानं आलाय. तुमचा खोकल्याच्या गोळ्यांतून. आणि तुमचाच मला चावतो."

"औषधी आहे," एवेलिओ म्हणायचा.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण एका मार्चमध्ये बाईंना पत्र आलं. खेळ काढणाऱ्या कंपनीच्या पनामातल्या कचेरीनं लिहिलं होतं की क्युबातल्या एका मंडळाला आम्ही मान्यता देत आहोत. मे महिन्यात तुम्ही स्पर्धा घ्या. जो जिंकेल त्याला पनामाच्या मोठ्या स्पर्धेचं निमंत्रण, जाण्यायेण्याचं तिकीट आणि राहायची सोय. तिथे खेळायला खरे पत्ते कंपनीच देईल. शेवटी एक कलम होतं. तुमच्या देशात आमचे पत्ते विकले जात नाहीत हे आम्ही जाणतो, तेव्हा निवड स्पर्धेत प्रॉक्सी, म्हणजे बदली पत्ते, चालू द्यायचे की नाही हे तुमच्या मंडळाच्या समितीनं ठरवावं.

समिती म्हणजे तिघं. बाई, ओस्निएल आणि एवेलिओ.

बाईंनी रविवारी मंडळात पत्र दोनदा वाचून दाखवलं. पनामाचं निमंत्रण म्हणजे व्हिसा, आणि व्हिसा म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

"पुढच्या रविवारी ठरवू," बाई म्हणाल्या. "यात ठरवायचं काय आहे म्हणा."

सगळ्यांनी एवेलिओकडे बघून हसून घेतलं. दोन हजार बदली पत्ते ज्यानं काढले तो त्यांच्या विरुद्ध थोडाच जाणार होता.

बुधवारी संध्याकाळी लिउबा स्वयंपाकघरात काळा घेवडा निवडत बसली होती. एवेलिओ समोर बसून खडे बाजूला करत होता. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुला आधीच सांगते. मी जिंकले ना, तर परत यायची नाही."

"बरं," एवेलिओ म्हणाला.

"नुसतं बरं?"

"मग काय म्हणू?"

"तिथे स्थिर झाले की तुला बोलवून घेईन. वर्ष लागेल, दोन लागतील. पण नक्की."

"हो. नंतर येईन ना मी."

त्याच्या गल्लीत हे 'नंतर' नऊ घरांत होतं. शेजारच्या रोहेलिओचा मुलगा सोळा वर्षांपूर्वी गेला होता. रोहेलिओच्या भिंतीवर नातवंडांचे फोटो वर्षागणिक मोठे होत होते, आणि तो त्यांतल्या एकालाही कधी भेटला नव्हता. मागच्या हिवाळ्यात तो अंघोळीच्या जागेत पडला तेव्हा दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्यांना कळलं. एवेलिओनंच दार फोडलं होतं. तेव्हापासून सकाळी उठल्यावर लिउबाची चप्पल वाजली की त्याला बरं वाटायचं. हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय आहे असं त्याला वाटायचं.

ते चार दिवस तो नेहमीसारखाच वागला. कुणी विचारलं असतं तर तो हो म्हणणार आहे असंच त्यानं सांगितलं असतं, आणि तेव्हा तरी ते खोटं नव्हतं. शनिवारी त्यानं लिउबाच्या जुडीतला एक झिजलेला पत्ता नव्यानं काढून दिला.

रविवारी बावीस माणसं जमली. बाईंनी हात वर केला. "बदली पत्ते चालावेत. माझं मत." ओस्निएल जरा ओशाळून म्हणाला, "मी नको म्हणतो. मला कुणाचं वाईट करायचं नाही, पण मान्यता मिळतेय तर ती खऱ्या पत्त्यांवर मिळावी. उद्या पनामावाले म्हणायला नकोत की हे लोक पुठ्ठ्यावर खेळून आले." कुणी तरी मागून म्हणालं, "तुझ्याकडे आहेत म्हणून बोलतोस." ओस्निएलनं मान हलवली. "हो, तेही आहेच."

मग सगळे एवेलिओकडे वळले.

"नको," एवेलिओ म्हणाला.

बाईंना वाटलं त्यानं ओस्निएलला नको म्हटलं. "म्हणजे चालावेत ना?"

"नाही. बदली पत्ते नकोत."

खोलीत कुजबुज झाली. लिउबा खिडकीशी उभी होती. ती हलली नाही.

"कारण?" बाईंनी विचारलं. त्यांचा वर्गातला आवाज होता तो. कारण दिल्याशिवाय त्या कुणाला खाली बसू देत नसत.

एवेलिओजवळ कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. चारचौघांत 'माझी मुलगी जाईल' असं म्हणणं त्याला जमलं नसतं, आणि म्हटलं असतं तर बाईंनी त्याला हाकलूनच दिलं असतं. म्हणून त्यानं दुसरं शोधलं. पत्त्यांत खोट होतीच. ती खोट त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

"हातानं कापलेले पत्ते आहेत," तो म्हणाला. "एक केसभर लांब, एक केसभर आखूड. शाईचा थर कुठे जाड, कुठे पातळ. पाठीवरून ओळखू येतात."

"आम्हाला कधी आले नाहीत."

"मला येतात."

त्यानं लिउबाची जुडी मागितली. ती टेबलावरच होती. त्यानं पिसली, पालथी ठेवली, वरचा पत्ता उचलून अंगठ्यानं कडेवरून चाचपला आणि म्हणाला, "आंधळा पहारेकरी." उलटा केला. पहारेकरीच होता. दुसरा उचलला. "मिठाचा पूल." तोही बरोबर. तिसराही.

मागच्या बाकावरून लेओनार्दो नावाच्या एका पोस्टमननं विचारलं, "मग हे लिउबालाही येतं का?"

प्रश्न साधा होता. त्यानं तो वाईट मनानं विचारला नव्हता. आणि त्याचं उत्तर एवेलिओला पक्कं ठाऊक होतं. लिउबा पंधरा वर्षांची असताना एका पावसाळी दुपारी त्यानं गंमत म्हणून तिला हे शिकवायला घेतलं होतं. तीस पत्त्यांत तिला एकही ओळखता आला नव्हता. 'कंटाळवाणं आहे,' म्हणून ती उठून गेली होती आणि पुन्हा कधी तिनं हात लावला नव्हता. नाही, एवढा एक शब्द पुरला असता.

"ती माझ्याशेजारी बसून मोठी झाली," एवेलिओ म्हणाला. "तिला येतं की नाही, मी कसं सांगू?"

लिउबा खिडकीपासून टेबलाशी आली. तिनं आपले साठ पत्ते गोळा केले, नीट एकावर एक रचले आणि बाईंच्या पुढे ठेवले.

"बाई, हे तुमच्याकडे ठेवा," ती म्हणाली. "कुणाला तपासायचे असतील तर तपासू दे."

आणि ती गेली. बापाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

त्या रात्री तिनं जेवण वाढलं, तोही जेवला. ती भांडेल असं त्याला वाटत होतं. ती भांडली असती तर कदाचित त्याच्या तोंडून खरं निघालं असतं. पण ती म्हणाली, "केळी संपलीत. उद्या आणशील?" आणि तो म्हणाला, "आणतो."

मंगळवारी ओस्निएल घरी आला. फ्रीज बघायला आलो असं म्हणाला, पण फ्रीजला काही झालेलं नव्हतं. त्यानं पिशवीतून एक जुडी काढली.

"लिउबा, माझ्याकडे दोन जुड्या होतात. ही दुसरी. तुझ्या पद्धतीची नाही, पण तू काहीही चालवशील. घे आणि खेळ."

"कशाला?" लिउबा म्हणाली. "यांच्यावरही खुणा केल्या म्हणतील."

"कोण म्हणेल?"

"जे म्हणायचे ते म्हणून झालंय."

एवेलिओ बाहेर डुलत्या खुर्चीत बसून ऐकत होता. ओस्निएल जाताना त्याच्यासमोर थांबला. काही तरी बोलेल असं वाटलं, पण नुसता 'येतो, काका' म्हणून तो पायऱ्या उतरला.

मे महिन्यातल्या स्पर्धेत सहाच जण खेळले. ज्यांचं कुणी ना कुणी बाहेर होतं तेच. ओस्निएल जिंकला, पनामाला गेला, स्पर्धेत तिसऱ्या दिवशी बाद झाला आणि परत आला नाही. एका गोदामात त्याला एसी बसवायचं काम मिळालं असं कळलं.

लिउबानं रविवारी वाचनालयात जाणं सोडलं. तिथे तिच्याबद्दल वाईट कुणी बोलत नव्हतं, असं बाई सांगायच्या. पण तिच्या जुन्या डावांची आठवण निघाली की लोक आता थोडं थांबायचे, आणि कुणी तरी म्हणायचं, "हं, खेळायची खरी छान." त्या 'हं'मध्ये सगळं यायचं. प्रयोगशाळेतही ती गोष्ट पोचली. एका सहकाऱ्यानं हसत हसत म्हटलं, "नमुन्याच्या बाटल्यांवर पण खुणा करतेस की काय?" लिउबानं हे घरी जेवताना सांगितलं, कुठल्याशा परक्या मुलीची गोष्ट सांगावी तसं. एवेलिओनं तिच्या ताटात आणखी भात वाढला. उद्या सांगू, असं त्याला रोज वाटायचं. पण दिवस जितके जास्त जात तितकं ते तोंडातून बाहेर पडणं अवघड होत गेलं.

ती घरात होती. सकाळी चप्पल वाजायची. कॉफी उकळायची. पण ती भाडेकरूसारखी राहत होती. नम्रपणे, वेळेवर, दार न आपटता. एवेलिओनं जे ठेवायला एवढं केलं होतं ते त्याच्याजवळ राहिलं, आणि त्यात राम राहिला नाही. सोळा महिने असे गेले.

मग एका जुलैच्या सकाळी ती म्हणाली, "मी पुढच्या मंगळवारी निघते. गयानाला, जॉर्जटाऊनचं विमान आहे. तिथून रस्त्यानं ब्राझील, मग खाली उरुग्वे. प्रयोगशाळेतली इव्हेत्ते आणि तिचा नवरा बरोबर आहेत."

गयानाच्या त्या वाटेबद्दल त्यानं ऐकलं होतं. लाल मातीचा रस्ता, रात्रंदिवस धावणाऱ्या गाड्या, नदी ओलांडून देणारी माणसं. पनामाला तर ती तिकीट हातात घेऊन, नवा पोशाख घालून गेली असती.

"त्या वाटेनं नको," तो म्हणाला.

"दुसरी कुठली आहे?"

त्यानं मान खाली घातली. विमानतळावर तिनं त्याच्या गालाचा मुका घेतला, औषधं कधी घ्यायची ते पुन्हा सांगितलं, आणि ती आत गेली. सांगायचं ते पुन्हा राहून गेलं.

जॉर्जटाऊनहून तिचा फोन आला. सीमेजवळच्या गावातून एक निरोप आला. त्यानंतर एकोणीस दिवस काहीच आलं नाही. इव्हेत्तेच्या आईलाही काही कळलं नव्हतं. एवेलिओ फोन हातात धरूनच झोपायचा. जेवणखाण सोडलं. बाराव्या दिवशी तो नेरेइदाबाईंकडे गेला. बाई ओट्यावर बसून रताळं सोलत होत्या.

"बाई, तिला पत्ते ओळखता येत नव्हते."

"काय?"

"पाठीवरून. लिउबाला. तीसपैकी एकही नाही. मला माहीत होतं. मला ती जायला नको होती, म्हणून मी तसं बोललो."

बाईंनी सुरी खाली ठेवली. त्यांचं वय आता सत्तर होतं आणि त्यांनी आयुष्यभर मुलांची खोटी कारणं ऐकली होती.

"मला वाटलं होतं, तू नियमाचा माणूस आहेस," त्या म्हणाल्या. "मी घरी येऊन स्वतःशी म्हटलं होतं, बघ, मुलगी असूनही न्याय केला. गाढव मी."

"बाई..."

"थांब. जायला नको होती तर तिला म्हणायचं होतंस, जाऊ नको. रडायचं होतंस. भीक मागायची होतीस. बापानं मुलीजवळ भीक मागितली तर कुणी हसत नाही. तू तिचं नाव घाण केलंस, एवेलिओ. एवढंच तिच्याजवळ होतं."

"आता काय करू?"

"मला सांगून काय उपयोग? तिला सांग. मग मंडळात सांग. याच क्रमानं."

त्यांनी त्याला जेवायला थांबवलं नाही. तसं त्यांनी यापूर्वी कधी केलं नव्हतं.

विसाव्या दिवशी फोन आला. ब्राझीलमधल्या बोआ व्हिस्ताहून. लिउबाला ताप येऊन गेला होता, एका चर्चच्या आवारात तंबूत पडून होती, फोन चोरीला गेला होता. आवाज इतका बारीक झाला होता की त्याला आधी ओळखूच आला नाही. अशा वेळी काय सांगणार. त्यानं फक्त विचारलं, "खातेस का काही?"

"भात मिळतो, बाबा. घेवडा पण असतो. तपकिरी."

ती उरुग्वेत, मोंतेव्हिदेओला पोचायला ऑक्टोबर उजाडला. वृद्धांच्या एका निवासात स्वयंपाकघरात तिला काम मिळालं. नोव्हेंबरातल्या एका रविवारी, अकराच्या सुमारास, तिच्या मधल्या सुट्टीत तिचा फोन आला आणि एवेलिओनं सगळं एका दमात सांगून टाकलं. पावसाळी दुपार, तीस पत्ते, लेओनार्दोचा प्रश्न, आणि तो न उच्चारलेला शब्द. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"मला वाटलं, तुला खरंच तसं वाटतं," लिउबा म्हणाली. "की मी लबाडी करते. सोळा महिने मी विचार करत होते, मी असं काय केलं की बाबाला हे वाटावं."

"कधीच वाटलं नाही गं."

"मग त्या रात्री का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"मी राहिले असते असं नाही," ती म्हणाली. "ते मी तुला खोटं सांगणार नाही. पण तुझ्याशी बोलून गेले असते. तू आणि मी त्या घरात वर्षभर काहीच बोललो नाही, बाबा. ते वर्ष गेलं."

"हो."

"मला आत बोलवतायत. ठेवते."

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच दिवशी एवेलिओ वाचनालयात गेला. मागच्या खोलीत नऊ जण होते. त्या बावीस जणांपैकी बाई सोडून दोघंच उरले होते. एक लेओनार्दो आणि एक अर्धबहिरा म्हातारा. बाकीचे माद्रिदला, मायामीला, सांतियागोला, कुणी कुठे. नव्या सहा जणांतल्या कुणी लिउबाला पाहिलंही नव्हतं. तरी तो उभा राहिला आणि त्यानं सांगितलं. लिउबा बारोसो या मंडळातली सगळ्यात चांगली खेळाडू होती, तिनं कधीही लबाडी केली नाही, आणि मी ते माहीत असून गप्प राहिलो.

नवी मुलं एकमेकांकडे बघत राहिली. लेओनार्दोनं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हातारा म्हणाला, "काय म्हणतो?" आणि बाईंनी त्याच्या कानाशी वाकून सगळं पुन्हा, शब्दन् शब्द, मोठ्यानं सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकणं एवेलिओला पहिल्या वेळेपेक्षा जड गेलं.

जे गेले होते त्यांचे परदेशातले ठावठिकाणे बाईंकडून घेऊन त्यानं एकेकाला तेच लिहिलं. बऱ्याच जणांचं उत्तर आलं नाही. ओस्निएलचं आलं. 'काका,' त्यानं लिहिलं होतं, 'मला त्या दिवशीही ते खरं वाटलं नव्हतं. मी तिच्याशी इतके डाव खेळलो होतो, मला कळलं नसतं का? पण मी बोललो असतो तर मत फिरलं असतं, आणि मला जायचं होतं. मन खात होतं, म्हणूनच जुडी घेऊन आलो होतो. तिनं घेतली नाही तेव्हा खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं.'

एवेलिओनं ते पत्र लिउबाला पाठवलं नाही. पाठवावं की नाही हे बाईंना विचारलं, तर बाई म्हणाल्या, "ते त्याचं आहे. त्यानं पाठवावं."

मंडळाची मान्यता पुढे कुणी चालू ठेवली नाही. खरे पत्ते ज्यांचे होते त्यांच्याबरोबर निघून गेले. एका नव्या मुलीनं नियमांच्या कागदावर ती जुनी ओळ बघून विचारलं, "बदली पत्ते चालत नाहीत असं इथे लिहिलंय. मग आपण कशानं खेळतोय?" बाईंनी पेननं ती ओळ खोडली. मत घ्यायची गरजही पडली नाही. एवेलिओ तेव्हा कोपऱ्यात बसून पुठ्ठा कापत होता. हल्ली त्याला चष्मा लावूनही रेघ सरळ येत नाही, कडा आणखीच वेड्यावाकड्या होतात. पण नव्या मुलांपैकी कुणाला त्यानं फरक पडत नाही.

डिसेंबरात लिउबाचा फोन पुन्हा येऊ लागला. ती तिथल्या वाऱ्याबद्दल बोलते, निवासातल्या एका म्हातारीबद्दल बोलते जी रोज तिला वेगळ्या नावानं हाक मारते. तो रोहेलिओच्या गुडघ्याबद्दल सांगतो, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगतो. एकदा ती म्हणाली की तिच्या रस्त्यावर एक दुकान आहे, तिथे शनिवारी 'सात बुरूज' खेळतात, बदली पत्तेही चालतात, ती काचेतून बघते.

"जा ना आत," एवेलिओ म्हणाला.

"बघू," ती म्हणाली. "शनिवारी माझी पाळी असते."

बोलवून घेण्याची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. बहुतेक रविवारी तिचा फोन येतो. कधी कधी येत नाही, तेव्हा एवेलिओ एक वाजेपर्यंत वाट बघतो आणि मग भात टाकतो.